करवंटीची धमकी

आमचे हे देवाशी भांडतात. अगदी तोंडावर. देवघरात नारळ ठेवायचा, हात जोडायचे आणि मालवणीत गाऱ्हाणं घालायचं. काय हवं, का हवं, नाही दिलंस तर काय होईल, सगळं रोखठोक. मागे उभे असलेले आम्ही दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. घरातल्या एकानेही गप्प राहून चालत नाही, नाहीतर गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. करी रोडची आमची चाळ पाडून टॉवर झाला, पण गाऱ्हाणं काही बदललं नाही.

ते बघायला गिरगावातून क्षितिजा आली. पाठारे प्रभूंची पोरगी, बोलणं पुस्तकासारखं. मुंबईतल्या घराघरांतल्या देवांवर ती फिल्म करत होती, आणि ती दादरच्या एका हॉलमध्ये रविवारी दाखवणार होते. आल्या आल्या प्रश्न सुरू.

"काकी, देव ऐकतो असं तुम्हाला वाटतं, की माहीत आहे?"

"अगो, नवरा ऐकतो की नाही तेही मला माहीत नाही. म्हणून बोलायची थांबलेय का मी?"

ती खळखळून हसली. मला आवडली पोरगी. पण सारखी फोनकडे बघायची. मी काय गप्प बसणार! विचारलंच. तिची आई हॉस्पिटलात होती. अर्धांगाचा झटका आलेला, तेव्हापासून तोंडातून शब्द नाही.

त्या दिवशी आमच्या लेकाच्या, धनेशच्या नोकरीसाठी गाऱ्हाणं होतं. ह्यांनी आवाज लावला, "म्हाराजा, धनेशाक नोकरी लागाक व्हयी! नाय लागली तर फुडल्या टायमाक नारळ सोड, करवंटी पन मेळाची नाय तुका!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो. क्षितिजाने हसू दाबायला तोंडावर हात ठेवला.

निघताना मी तिला बजावलं, "आमच्या गावची सगळी माणसं हॉलवर येणार. मी स्वतः आमंत्रणं केलीत. आमचा देव नीट दाखव. आणि आधी मला दाखव."

शब्दाची पक्की. शुक्रवारी लॅपटॉप घेऊन हजर. फिल्ममध्ये आमचं देवघर असं काही उजळलेलं की मीच ओळखलं नाही. समई, फुलं, मागे बासरी. ह्यांचे जोडलेले हात दिसले, पण आवाज नाही. खाली अक्षरं आली, "देवा, माझ्या मुलाचं कल्याण कर."

"करवंटी कुठाय?" मी विचारलं.

"काढली, काकी."

"का म्हणून?"

"लोक हसतील. तुम्हाला अडाणी समजतील. मला ते नको होतं."

माझं डोकंच फिरलं. "वा गो वा! म्हणजे लाज तुला वाटली आणि देव आमचा बदललास! ही बासरी कोण वाजवतंय? आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी बासरी वाजवली नाही!"

ती कावरीबावरी झाली. पण पोरगी खरी. म्हणाली, "मला अजून कळलेलंच नाहीये, काकी. ज्याच्यापुढे हात जोडायचे, त्यालाच दम कसा द्यायचा? माझी आई देवापुढे साधं मोठ्याने बोलतसुद्धा नाही."

"परक्याशी माणूस गोड बोलतं, बाय. भांडतं ते घरच्याशी."

"मग मला बाहेरून हे कधी कळेल का?"

इतका वेळ पेपर वाचत बसलेले हे उठले, स्वयंपाकघरातून नारळ आणला आणि तिच्या हातात दिला. "गाऱ्हाणा घालून बघ."

"काका, मी? चालेल?"

"माका काय विचारतस? तेका विचार."

ती देवघरासमोर उभी राहिली. घसा खाकरला. "हे देवा, कृपया माझ्या आईला..."

"कृपया काय गो? बँकेत अर्ज देतेस?" मी टोकलं.

सगळे हसलो. तीही हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

"ऐक रे," ती म्हणाली. "तिने आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलं नाही. आणि तू तिचा आवाजच नेलास? लाज नाही वाटली? तिने मला हाक मारायला हवी. एकदा तरी, माझ्या नावाने. रविवारच्या आत! नाहीतर ही फिल्म पुसून टाकीन मी. दादरला तुझं तोंड कुणालाही दिसणार नाही!"

"व्हय म्हाराजा!" हे गरजले.

"व्हय म्हाराजा!" मागून धनेश.

मी गप्प. बासरी काढायला आणि करवंटी परत घालायला लावून मी त्या फिल्ममध्ये आमचा देव बघणार होते, अख्ख्या गावासमोर. साडीला इस्त्रीसुद्धा झाली होती. आणि ह्या पोरीने नेमकं तेच देवासमोर टांगून ठेवलं. आता करवंटी घाल असंही कुठल्या तोंडाने सांगू? देवाला दम द्यायला तिने आपली करवंटी स्वतःच शोधली होती.

हे माझ्याकडे बघत थांबले होते. ती नारळ घट्ट धरून उभी, पाठमोरी, खांदे हलत होते.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं, आणि पदराने डोळे पुसले. "पोरीची आई बोलू दे. नाय बोलली, तर माझाही नारळ बंद."