तारीख तेवढी बाकी

आत्याबाईंनी हातातला आरसा तिरका केला, तसा खापरपणजोबांचा मृत्यू उजेडात आला.

"अजून जरा खाली," गुडघ्यांवर बसलेला मोजणीवाला म्हणाला. "हां. असाच धरा. हलवू नका."

झिजलेल्या दगडावर ऊन आडवं पाडलं की बुजलेली अक्षरं उठून दिसतात, ही युक्ती त्याची. पण आरसा धरायचा मान आत्याबाईंनी पहिल्याच सकाळी त्याच्याकडून काढून घेतला होता. वारसा खात्याने त्याला इस्टेटीवरच्या दोन्ही दफनभूमींची नोंद करायला धाडलं होतं. वरची बंगल्यामागची, घराण्याची. खालची चर्चच्या आवारातली, इस्टेटीवर राबून गेलेल्यांची. तो दगड वाचायचा, मापं घ्यायचा, फोटो काढायचा. दगडाखालच्या माणसाची माहिती आत्याबाई पुरवायच्या, आणि ती त्याच्या कोणत्याच रकान्यात बसायची नाही.

"हे पणजोबांचे भाऊ. खाऊन गेले."

"म्हणजे विषबाधा?"

"छे हो. नुसतं खाऊन. वेळेवर पानावरून उठवलं नाही कोणी." आत्याबाईंनी आरसा पुढच्या दगडाकडे वळवला. "ही त्यांची दुसरी बायको. पहिली तिकडे, पार भिंतीपाशी. फार भांडखोर होती, असं दुसरी म्हणायची."

"दोघींची गाठ पडली होती?"

"कशी पडेल? पहिली गेल्यावरच ना दुसरी आली."

मोजणीवाला हसला आणि त्याने काहीच लिहिलं नाही. मग आत्याबाईंच्या आईचा दगड आला. तो त्याने नीट उतरवून घेतला. आईच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर, तसाच आणखी एक दगड होता. तो त्याने वाचला, एकदा आत्याबाईंकडे पाहिलं आणि पुढे सरकला.

"हा राहिला," आत्याबाई म्हणाल्या.

"त्याच्याखाली कोणी नाही ना?"

"मी आहे." मोजणीवाल्याची मान वर झाली, तशी त्यांनी दुरुस्ती केली. "म्हणजे, असणार आहे."

गोष्ट साऱ्या इस्टेटीला पाठ होती. आत्याबाई ऐन विशीत असताना घरात ताप शिरला. आधी आई गेली. डॉक्टरांनी मुलीचीही आशा सोडली. वडील हिशोबी. आईच्या दगडासाठी पाथरवट लांबून आलाच होता. पुन्हा आठवड्याभरात त्याचं येणं-जाणं, राहणं-खाणं कशाला, म्हणून त्यांनी एकाच खेपेत मुलीचाही दगड उरकून घेतला. नाव, जन्म, मृत्यूचं वर्ष, महिनासुद्धा. तारीख तेवढी सोडली, कारण डॉक्टर काही नक्की सांगेनात. मग एका दुपारी मुलगी उठून बसली आणि तिने खायला मागितलं. वडिलांना आनंद झालाच. पण घडवलेली वस्तू वाया घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दगड उभा राहिला. पुढे मुलीला बघायला आलेली मंडळी बाग पाहायला म्हणून मागे गेली आणि चहा न घेताच परतली. त्यानंतर कोणी बघायला आलं नाही.

वडील गेले, धाकटा भाऊ मालक झाला, भावजय आली. आत्याबाईंची खोली बदलली, मग कपाट बदललं, जेवणाच्या टेबलावरची खुर्ची एकेक घर सरकत दारापाशी आली. हलला नाही तो एवढा दगड. तो दर रविवारी त्या स्वतः घासून पुसून ठेवत. घरात सगळ्यात जुनी बाई कोण, हे भावजयीला सांगावं लागे; दगडाला सांगावं लागत नसे.

आणि गेल्याच आठवड्यात भावजय जेवताना म्हणाली होती, "वन्सं काही इतक्यात जात नाहीत. तोवर ती जागा माझ्या आईला दिली तर? बिचारीला दमही निघत नाही." सगळे हसले. भाऊ तर तोंडात घास घेऊन हसला. आत्याबाईही हसल्या, आणि तेव्हापासून त्या रोज अर्ध्या पानावरून उठत होत्या.

"जिवंत माणसाची नोंद आम्ही करत नाही, आत्याबाई," मोजणीवाला समजुतीने म्हणाला.

"दगडाची करता ना? मग दगडावर आहे ते लिहा. इतरांचं काय, त्यांना विचारून लिहिलंत?"

"तसं नाही. एकदा यादीत चढलं की त्याला हात लावता येत नाही. हलवणं नाही, खणणं नाही. कायमचं."

"घरच्यांनाही नाही?"

"कोणालाच नाही."

"मग लिहाच. मला तेच हवंय."

मोजणीवाला पेन हातात धरून घुटमळला. तोवर भावजय चहाचा ट्रे घेऊन पायवाटेने आली होती आणि शेवटचं सगळं बोलणं तिने ऐकलं होतं. चर्चचं छप्पर खात्याने दुरुस्त करून द्यावं, म्हणून ही सगळी यातायात तिनेच आरंभली होती. पत्रव्यवहार तिचा, नियमांची पुस्तिकाही तिच्याच टेबलावर, लाल पेनाने खुणा केलेली. तिने मोजणीवाल्याच्या कपात साखर घातली आणि सावकाश ढवळली.

"लिहा हो," ती म्हणाली. "वन्संचा शब्द या घरात कधी कोणी मोडलाय?"

आत्याबाईंनी आरसा उचलला आणि आपल्या नावावर असा काही उजेड पाडला की मोजणीवाल्याला डोळे मिटून घ्यावे लागले.

*

दुपारी दोघं खाली चर्चच्या आवारात उतरली. इथले दगड बुटके, नावं आखूड. जिंकून आल्यामुळे आत्याबाईंची चाल हलकी झाली होती. आचाऱ्याच्या थडग्याशी थांबून, याच्या हाताला कधी मीठ लागलं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

मागच्या भिंतीपाशी इस्त्रीवाली उभी होती. बंगल्यातल्या चादरी, पडदे, सदरे हिच्या हाताखालून गेलेले. ती कामावरून तशीच आली होती. बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, मनगटावर जुन्या चटक्यांचे डाग.

"साहेब, इथं माझी मुलगी आहे," तिने गवताकडे बोट केलं. "पाचवं लागलं होतं तिला. लाकडाचा क्रूस होता, तो कुजला."

मोजणीवाल्याने गवत बाजूला करून पाहिलं. तिथे गवताखाली गवतच होतं.

"खूण नसली तरी घेता येतं," तो म्हणाला. "फक्त मालकांच्या घरातल्या कोणीतरी सांगायला हवं. आत्याबाई, तुम्हाला माहीत आहे?"

आत्याबाईंना माहीत होतं. पोरीला ज्यात ठेवलं त्या खोक्याला आतून लावायला दिवाणखान्याचा जुना पडदा त्यांनीच फाडून दिला होता. निळा, बारीक फुलांचा. पण त्यांना दुसरंही काही आठवलं. याच बाईने मागे एकदा सगळ्या नोकरांदेखत विचारलं होतं, 'आत्याबाई, तुमच्या दगडावर वर्षसुद्धा घातलंय, मग तुमचं जेवण कोणाच्या खात्यावर मांडतात?' आचाऱ्याला तर ठसका लागला होता.

"इथे?" आत्याबाई म्हणाल्या. "मला नाही बाई आठवत."

"आत्याबाई, तो पडदा..."

"आयुष्यात काय थोडे पडदे फाडले मी? आणि दगड नाही तिथे कसली कबर लिहायची? उद्या कोणीही उठेल आणि कुठेही बोट दाखवेल."

 इस्त्रीवाली, इस्त्री तापत ठेवली आहे, असं काहीसं पुटपुटली आणि बाह्या खाली न करताच निघून गेली. मोजणीवाल्याने पान उलटलं.

*

पावसाळा संपता संपता चर्चवर नवं छप्पर चढलं आणि दोन्ही दफनभूमींच्या फाटकांवर खात्याच्या पाट्या लागल्या. आत्याबाई पाटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, चष्मा लावून तिच्यावरच्या यादीत आपलं नाव पाहिलं आणि त्या दिवशी पोटभर जेवल्या. त्याच भरात त्यांनी भावाला म्हटलं, "एकदा पाथरवटाला बोलावून घे. मी गेल्यावर तारीख घालायचं सांगून ठेवू. तुमच्या लक्षात राहायचं नाही."

भावाने बायकोकडे पाहिलं. बायकोने भाजीचा डाव भांड्यात ठेवला.

"वन्सं, तिथे आता खणता येत नाही."

"दुसऱ्यांचं. माझी जागा आहे ती."

"यादीतल्या कुठल्याच जागेत नाही. तुमच्यासमोर सांगितलं ना त्याने? तुम्हीच म्हणालात, लिहाच."

आत्याबाईंनी हातातला पेला खाली ठेवला. त्यांनी भावाकडे पाहिलं. तो मीठ शोधत होता. मीठ त्याच्यापुढेच होतं.

"मग तुम्ही कुठे जाणार?" त्यांनी विचारलं.

"आमचा पूर्वेचा कोपरा मोकळा आहे," भावजय म्हणाली. "तिथे दगड नव्हते, म्हणून यादीत आला नाही. आम्ही दोघं, पुढे मुलं, सुना. मोजूनच आहे हो जागा. नाहीतर तुम्हाला का नाही म्हटलं असतं?"

"तुला हे तेव्हाच ठाऊक होतं."

"पुस्तिकेत सगळं छापलेलंच होतं." भावजयीने भांडं त्यांच्याकडे सरकवलं. "भाजी घ्या ना. तुम्ही घेतलीच नाही."

आत्याबाईंनी मोजणीवाल्याला फोन लावला. तो आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या थडग्यांच्या मोजणीवर गेला होता, पण चांगलं बोलला. नाव काढता येणार नाही, म्हणाला. त्या जिवंत असल्याचा दाखला आणला तरी उपयोग नाही, कारण दगड खरा आहे आणि जुना आहे. "संरक्षण दगडाला आहे, आत्याबाई. तुम्हाला नाही." मग त्याला वाटलं असावं की हे जरा लागलं, म्हणून त्याने तब्येतीची चौकशी केली.

उरले खालच्या चर्चचे फादर. त्यांनी आत्याबाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. खालीही तीच पाटी आहे, म्हणाले. दगडा-दगडांमधली जागा बंद. मोकळी आहे ती फक्त मागच्या भिंतीपाशी.

"तिथे इस्त्रीवालीची मुलगी आहे. ती स्वतःही तिथेच जायची आहे. आणखी एक माणूस मावेल."

"मग मला द्या."

"आधीपासून ज्याचं माणूस तिथे आहे, त्याला विचारल्याशिवाय आम्ही शेजार देत नाही. जुनी रीत आहे." फादरनी बोटं गुंफली. "मी तिच्या कानावर घालतो. पण विचारायला हवं तुम्हीच."

*

इस्त्रीच्या खोलीत आत्याबाई कित्येक वर्षांत आल्या नव्हत्या. हवा ओल्या सुताच्या वासाने जड होती. इस्त्रीवालीने त्यांना बघून इस्त्री उभी केली, बटण बंद केलं.

"फादर बोलले असतील तुझ्याशी."

"बोलले." तिने टोपलीतून एक चादर ओढून काढली आणि तिची दोन टोकं आत्याबाईंपुढे धरली. "धरा. एकटीला घडी नीट येत नाही."

आत्याबाईंनी टोकं धरली. दोघी मागे सरकल्या, चादर ताणली गेली.

"बरं झालं, त्या दिवशी तुम्हाला आठवलं नाही," इस्त्रीवाली म्हणाली. "आठवलं असतं, तर पोर यादीत गेली असती. मग मला तिच्याजवळ कोण जाऊ देतं? फादरनी समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आत्याबाईंचे उपकारच झाले."

आत्याबाईंनी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. सापडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"मला आठवत होतं," त्या म्हणाल्या.

"हो. निळा पडदा होता." इस्त्रीवालीने चादर झटकली. "मध्ये या आता."

दोघी जवळ आल्या. आत्याबाईंनी आपली टोकं तिच्या हातात दिली आणि खाली लोंबणारी घडी उचलली.

"मग काय म्हणतेस?"

"या की. माझी काही ना नाही. पोर एकटीच आहे. फक्त दगड नको."

"मोठा नाही गं. एवढासा. नुसतं नाव."

"नाव दिसलं की कोणीतरी लिहून घ्यायला येतं, आत्याबाई. तुम्ही माझ्या आधी जाणार. तुमचं नाव लिहिलं की ती जागा बंद. मग मी कुठे जाऊ?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. चादर किती लांब आहे हे सांगावं, तसं तिने सांगितलं होतं.

"क्रूस तरी," आत्याबाई म्हणाल्या.

"लाकडाचा घाला. चार-दोन पावसाळे काढतो तिथे."

बंगल्यातून भावजयीचा आवाज आला. पाहुण्यांच्या खोलीतल्या उशांचे अभ्रे अजून वर आले नव्हते. इस्त्रीवालीने टोपलीत हात घालून दुसरी चादर काढली आणि तिची टोकं पुढे केली. आत्याबाईंनी ती धरली. कडा मागे-पुढे झाल्या.

"कोपऱ्याला कोपरा लावा," इस्त्रीवाली म्हणाली.

आत्याबाईंनी लावला.