फळ्यावरचा तीनशे चौदावा दिवस

मित्रांनो, मी एक जुना पॉवर प्रेस आहे, पत्रा दाबून कापणारे यंत्र. घाबरू नका, मला पाय नाहीत. पण मी माणसांची बोटे चिरडली आहेत, आणि हे आधीच सांगितलेले बरे.

माझा जन्मही मारहाणीतच झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतले, गार होताच घणाने साचा फोडला, मग अंगभर भोके पाडली. मला जोडणाऱ्या कारागिराने मला दोन हिरवी बटणे दिली, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही एकदम दाबली तरच माझा जबडा खाली येणार. "दोन्ही हात बटणांवर, म्हणजे एकही हात याच्या तोंडात नाही," असे म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली होती.

एका लांबट शेडमध्ये मी डब्यांची झाकणे बनवू लागलो. पत्रा आत, धाड, झाकण बाहेर. मालक पाहुण्यांना माझ्यापुढे आणून म्हणत, "हा आमचा पैलवान." त्या वर्षी मी एका मिशीवाल्या कामगाराची दोन बोटे घेतली. मालकांनी त्याला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेले. गाडीची गादी रक्ताने भिजली, ती त्यांनी स्वतः धुतली.

पण नदीच्या ज्या काठावर ती शेड होती, तिथे औषधपाण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा, नाहीतर त्याच्या मालकाने. म्हणून मालक सगळ्यांचा विमा काढत. कुणाला लागले की पुढच्या वर्षी विम्याचा हप्ता वाढे. वाढता वाढता इतका वाढला, की एक दिवस मालक झाकण हातात घेऊन मुकादमाला म्हणाले, "यात पत्रा किती नि दवाखाना किती, सांग बरं. पलीकडचा कारखानदार हेच झाकण स्वस्तात देतो. तिकडे बोट तुटलं तर सरकार शिवून देतं, सगळ्यांच्या करातून. मग मी इथे कशाला बसलोय?"

मुकादम घाबरला. त्याने भिंतीवर फळा टांगला : 'दुखापतीविना दिवस'. वर्ष भरले की हप्ता उतरणार आणि कारखाना इथेच राहणार.

जखमा लपवा असे कुणी सांगितले नव्हते. पण कपाटामागे एक पत्र्याचा डबा आला. त्यात सुई, दोरा आणि आयोडीनची बाटली. हात कापला की लोक मोरीपाशी उभे राहून एकमेकांना टाके घालत. तोंडात फडक्याचा बोळा, आणि बोळा निघाला की थट्टा. "जवळ जवळ घाल रे टाके. उसवलं तर शिलाई परत मागेन."

माझ्यावर काम करायच्या त्या अक्का. त्यांची धाकटी जाऊ शेजारच्या बाकावर झाकणे मोजायची. दोघींची घरे याच शेडवर चालत.

तीनशे अकराव्या दिवशी मोठी मागणी आली. अक्कांनी डाव्या बटणात लाकडी पाचर ठोकली. एक बटण असे दाबलेलेच राहिले, की दुसरा हात पत्रा सरकवायला मोकळा. घाईच्या दिवशी सगळेच असे करत.

"अक्का, ती पाचर काढा," जाऊ म्हणाली. "हा काही तुमचा नवरा नाही, हाक मारली की थांबायला."

"नवरा तरी कधी थांबलाय गं?" अक्का हसल्या.

तेवढ्यात पत्रा अडकला. तो सोडवायला अक्कांनी डावा हात आत घातला आणि उजव्याचे कोपर बटणावर टेकले. चाळीस टन खाली आले. हाड आणि पत्रा यांतला फरक माझ्या वजनाला कळत नाही. मला मात्र कळला.

अक्का ओरडल्या नाहीत. ओठ इतका चावला की हनुवटीवरून रक्त ओघळले. मुकादमाने जबडा उलटा फिरवून हात सोडवला. तीन बोटांचा चेंदा झाला होता. अक्कांनी आधी फळ्याकडे पाहिले.

"त्याला हात लावू नका," त्या म्हणाल्या. "चौपन्नच दिवस राहिलेत."

मुकादमाने पाइपने माझे तोंड धुतले; आतला साचा वाकला होता, म्हणून मला बंद ठेवले. मोरीपाशी टाके पडले. दुसऱ्या दिवशी अक्का जावेच्या बाकावर झाकणे मोजायला हजर, डावा हात एप्रनच्या खिशात. तिसऱ्या दिवशी त्या खिशाला वास येऊ लागला. चौथ्या दिवशी फळ्यावर तीनशे चौदा आकडा चढला, आणि दुपारी अक्का तापाने फणफणून झाकणांच्या ढिगावर कोसळल्या. कडांनी गाल फाटला. पंजा मनगटापर्यंत काळा पडला होता.

जाऊ त्यांना उचलू लागली, तर मुकादम दारात आडवा उभा राहिला. "जरा धीर धर, ताई. संध्याकाळी घरून न्या, म्हणजे इथं लागलं असं होत नाही. साठ घरं आहेत."

"एकसष्टावं माझ्या जावेचं," ती म्हणाली आणि तिने घण उचलला. पहिल्या घावात फळ्याचे दोन तुकडे झाले. दुसऱ्यात माझी बटणे फुटली, ठिणग्या उडाल्या. मुकादम तिला धरायला धावला. तिसरा घाव त्याच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज शेडभर ऐकू गेला.

"आता तुम्हालाही लागलं, दादा," ती धापा टाकत म्हणाली. "चला, दोघांना एकाच गाडीतून नेऊ."

अक्का जगल्या, पण हात मनगटापासून कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी आणले असते तर अंगठा आणि एक बोट नक्की वाचले असते.

दोन दुखापतींची नोंद झाली, हप्ता उतरायचा राहिला, आणि महिन्याभरात मालकांनी शेडला कुलूप लावून कारखाना नदीपलीकडे हलवला. मला लॉरीवर चढवताना लोकांनी दगड मारले. शेडच्या खिडक्या फुटल्या, लॉरीवाल्याचे डोके फुटले. माझ्या अंगावर त्या दगडांचे ओरखडे अजून आहेत.

नदीपलीकडे मला नवी बटणे बसवली. पहिल्याच आठवड्यात एकाचा तळवा पत्र्याने चिरला. तो "लागलं" म्हणून असा ओरडला की सगळी शेड थांबली. मित्रांनो, माणूस इतक्या मोठ्याने ओरडू शकतो, हे मी विसरूनच गेलो होतो. नवा मुकादम कुरकुरला, "दर पगाराला कर कापतात तो यासाठीच. जा, शिवून ये." तो चालत गेला आणि सात टाके दाखवत परत आला.

माझा जबडा तोच आहे, तसाच चावरा. तुम्ही मोठे झालात की माझ्यासारख्यांना तेल द्या, आमच्या बटणांत पाचर ठोकू नका. पण त्याआधी, ज्याला लागले आहे त्याला न भिता ओरडता येईल, अशी जागा करून ठेवा. मी अक्कांची तीन बोटे चिरडली, ती माझ्या नावावर. उरलेला हात पुढच्या तीन दिवसांत गेला, आणि तेव्हा मी बंदच होतो.