तेलातली काच

रसायन विभागाच्या तळघरात फुंकेकाका बसायचे. तोंडाने फुंकून तापल्या काचेला आकार द्यायचा, फुटलेले चंबू सांधायचे, तडकलेल्या नळ्या जोडायच्या, हे त्यांचं काम. तेहतीस वर्षांत त्यांच्या आडनावाचा उपयोग फक्त पगारपत्रकाला झाला होता. बाकी कुलगुरूंपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना फुंकेकाकाच म्हणत. काका मुळात कमी बोलायचे. नळी तोंडात असताना बोलता येत नाही, आणि नळी बहुतेक वेळ तोंडातच असायची.

विद्यापीठाच्या त्याच आवारात, मागच्या फाटकापाशी, कचरा निवडायची शेड होती. कागद, पत्रा, प्लास्टिक, काच वेगवेगळं करून कारखान्यांकडे पाठवायचं, म्हणजे त्याचं पुन्हा काहीतरी होतं, हे काम तिथे चार बायका करत. त्यांच्या मुकादम म्हणजे काकांच्या मुलीच्या सासूबाई. काकांच्या विहीणबाई. दोघांमध्ये अंतर पाच मिनिटांचं होतं आणि बोलणं चार वर्षं बंद होतं.

कारण एक किटली. काकांनी स्वतः घडवलेली काचेची किटली मुलीच्या सासरी नेली होती. विहीणबाईंनी ती कौतुकाने शोकेसमध्ये ठेवली. काका म्हणाले, ही शोभेची नाही, थेट गॅसवर चालते. "काच कुणी गॅसवर ठेवतं का?" असं विहीणबाई म्हणाल्या, म्हणून काकांनी दहा पाहुण्यांदेखत ठेवून दाखवली. किटली तडकली. नवी काच भट्टीत सावकाश निववावी लागते आणि काकांनी घाईत तेवढंच केलं नव्हतं. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "इतकं फुंकलं आणि सगळं फुकट." पाहुणे हसले, विहीणबाईही हसल्या. काका चहा न घेता उठले. तसा चहाही उरला नव्हता.

तेव्हापासून निरोपांची ने-आण मुलगी करायची. ती ग्रंथालयात कामाला होती आणि ग्रंथालय दोघांच्या बरोबर मध्ये होतं.

यंदा कारखान्याने काचेचा अख्खा ट्रक परत पाठवला. मालात प्रयोगशाळेची काच आहे, असं कारण दिलं. बाटलीची काच ज्या आचेवर वितळते त्या आचेवर ही वितळत नाही. तिचे खडे नव्या बाटल्यांत राहतात आणि बाटल्या फुटतात. ट्रक शेडसमोर कमरेएवढा ढीग ओतून गेला.

स्वच्छता अधीक्षक आले. ढिगाला त्यांनी एक पूर्ण फेरी मारली. "आठ दिवसांत हा माल कारखान्याने घेतला नाही," ते म्हणाले, "तर काच वेगळी करणं बंद. सगळी खड्ड्यात टाकायची. आणि काचेवरच्या दोघींची बदली बागेत." दोघींपैकी एकीला गवताने शिंका यायच्या. पण अधीक्षक तोवर निघून गेले होते.

विहीणबाईंनी ढिगातले चार तुकडे उचलले आणि सुनेला ग्रंथालयात गाठलं. मुलगी ते घेऊन तळघरात आली.

"बाबा, आई विचारतात, हे तुमचं का?"

"माझंच. दाराबाहेरच्या डब्यावर 'काच' लिहिलंय. मी काच टाकली. चुकलं काय?"

निरोप गेला. तासाभराने तो डबा काकांच्या दाराशी पालथा घातलेला सापडला. काकांनी तो सुलटा केला.

पण त्या संध्याकाळी त्यांना घास गोड लागेना. दोन जातींची काच एकत्र सांधायची नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. तो त्यांनी नवशिक्यांना शंभरदा सांगितला होता आणि स्वतः डब्यापाशी विसरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बर्नर घेऊन शेडवर हजर झाले.

"ज्योतीत धरलं की कळतं," ते ढिगाकडे बघून म्हणाले. "साधी काच लगेच मान टाकते. ही टाकत नाही."

"एका तुकड्याला किती वेळ?" विहीणबाईंनीही ढिगालाच विचारलं.

ढिगाने उत्तर दिलं नाही. काका स्टूल ओढून बसले. हिरव्या, तपकिरी तुकड्यांचा प्रश्न नव्हता, त्या उघडच बाटल्या. पांढरी काच मात्र फुटली की कुठली कोण, डोळ्यांना कळत नाही. दुपारपर्यंत एक्केचाळीस तुकडे झाले आणि एक बोट भाजलं. या वेगाने ढीग आपल्या निवृत्तीनंतर दोन वर्षांनी संपेल, असा काकांनी अंदाज बांधला आणि तो मनातच ठेवला.

तिसऱ्या दिवशी विहीणबाई स्वतः तळघराच्या पायऱ्या उतरून आल्या. हातात घमेलं होतं. ते त्यांनी काकांपुढे ठेवलं.

"यात काय आहे?"

"तेल," काका म्हणाले. चार वर्षांतला त्यांचा हा पहिला थेट शब्द.

"आणखी?"

काका वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले. "काही नाही."

विहीणबाईंनी बाही सारली, तेलात हात घातला आणि वीतभर नळी बाहेर काढली. तिच्यावरचा सांधा काकांच्याच हातचा होता.

काकांनी नळी घेतली, पुन्हा तेलात सोडली. नळी गेली. काढली, आली. असं त्यांनी पाच वेळा केलं. विहीणबाई तोवर शांतपणे पदराला हात पुसत होत्या.

"कॅन्टीनचं तळणीचं तेल आमच्याकडेच जमा होतं, साबणवाल्याला द्यायला," त्या म्हणाल्या. "काल गाळलेल्या तेलात एक तुकडा पडला. शोधते तर दिसेना. बोट कापलं तेव्हा सापडला. मग बाटलीचा तुकडा टाकून बघितला. तो दिसतो."

काकांनी नळी उजेडाकडे धरली. "तेलातून उजेड जसा वाकतो, तसाच या काचेतून वाकत असणार," ते सावकाश म्हणाले. "मग कड दिसणार कशी? तेहतीस वर्षांत मला हे सुचलं नाही."

"तुमच्याकडे तेल कुठंय?" विहीणबाई म्हणाल्या.

खात्री करायला काकांनी वीस तुकडे आधी तेलात आणि मग ज्योतीत धरले. वीसही बरोबर निघाले. एकविसावी निघाली परीक्षानळी. ती तेलात ठळक दिसत होती.

"ही प्रयोगशाळेचीच," काका म्हणाले.

"दिसतेय ना? मग साधी."

"विहीणबाई, परीक्षानळी आहे ती!"

"असू दे. ज्योतीत धरा."

नळीने लगेच मान टाकली. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी आणलेला स्वस्त माल होता. "बरोबर आहे तुमचं," काका म्हणाले. हे वाक्य जड गोळा फुंकल्यासारखं बाहेर पडलं.

पुढचे चार दिवस शेडमध्ये सहा घमेली मांडली गेली. पांढरी काच तेलात बुडवायची, दिसेल ती चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकायची, न दिसणारी झाऱ्याने उपसून वेगळ्या गोणीत भरायची. काका रजा टाकून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी, हात तेलात असतानाच, ते म्हणाले, "किटली मी निववली नव्हती. घाई केली."

"मला वाटलंच," विहीणबाई म्हणाल्या. "नाहीतर तुम्ही भांडला असता, उठून गेला नसता." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "दिसायला सुरेख होती. पण मी हसले ते काही चुकलं नाही."

"नाही, हसण्यासारखंच होतं ते."

इतक्यात मुलगी आली. आईंना काही निरोप द्यायचा आहे का, असं विचारायला ती तळघरात गेली होती, तिथे कुलूप दिसलं म्हणून शेडवर आली. दोघं एका घमेल्यावर वाकून कडाकडा भांडत होते. वाद बरणीच्या झाकणावरून होता. मुलगी थोडा वेळ उभी राहिली. कुणी लक्ष दिलं नाही, तेव्हा ती परत गेली आणि त्या दुपारी तिने शांतपणे डबा खाल्ला.

आठव्या दिवशी ट्रक भरून गेला. कारखान्याचं दोन ओळींचं पत्र आलं: माल चालेल, असाच पाठवावा. काचेवरच्या दोघी काचेवरच राहिल्या. अधीक्षकांनी 'तेलाधारित वर्गीकरण पद्धती' असा अहवाल लिहिला आणि त्यात स्वतःचा घमेल्यासकट फोटो छापला. घमेल्यात प्रयोगशाळेच्या काचेचे तीस तुकडे होते. फोटोत ते रिकाम्या तेलाकडे बोट दाखवून हसताना दिसतात.

आता प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळा डबा आहे. लोक तरीही चुकीच्या डब्यात टाकतात. म्हणून शुक्रवारी दुपारी काका शेडवर जातात. विहीणबाई त्यांना हातमोजे देतात. डाव्या मोज्याच्या अंगठ्याला भोक आहे. काकांनी ते अजून सांगितलेलं नाही.