दिव्यानीचा ऑर्गन

दिव्यानीच्या गाण्यातला ऑर्गन पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी जेवत होते. हातातला घास मी ताटात परत ठेवला. आईला वाटलं भाजीत मीठ जास्त झालं. मीठ बरोबर होतं. ऑर्गनही बरोबर होता, तेच तर दुखणं होतं.

देवीचं गाणं होतं. नवरात्र बसायच्या आधी तिनं यूट्यूबवर टाकलं आणि आमच्या अर्ध्या सिंदेवाहीनं ते मलाच पाठवलं, जणू मी तिची मोठी बहीण लागून गेले. गाणं साधंच. पण मागे जो ऑर्गन वाजत होता, तो नाटकाच्या मंडपात वाजतो तसा, जरा घोगरा, श्वास घेत वाजणारा. लॅपटॉपमधून असा आवाज निघत नाही. मी कधीची शोधतेय, मला माहीत आहे.

दिव्यानी शाळेपासून माझ्या वर्गात. तिचं अक्षर चांगलं, गळा चांगला, केस लांब, आणि सगळ्या बाईंची लाडकी. एवढ्यावर मी कधी काही बोलले नाही. पण घरच्या घरी लॅपटॉपवर गाणं करणं हे माझं होतं. गावात ते आधी मी सुरू केलं. कोणता माईक घ्यायचा, कोणतं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सगळं ती माझ्याकडे येऊन विचारून गेली आणि मी चहा पाजून सांगितलं. माझ्यासारखी मूर्ख मीच.

आता प्रश्न वारलूभाऊंच्या नाटकाचा होता. वारलूभाऊंची वडशाला नाटक कंपनी आहे. दिवाळी झाली की आमच्या झाडीत, म्हणजे झाडीपट्टीत, गावोगावी मंडईची जत्रा भरते, नाटकं होतात, आणि त्याआधी कंपनीची जीप भोंग्यावर गाणं वाजवत गावं फिरते. या वर्षी नव्या नाटकाचं गाणं त्यांना सिंदेवाहीतल्या आम्हा दोघींपैकी एकीकडून करून घ्यायचं होतं. फोनवर म्हणाले, "दोघी बी नमुना पाठवा. जिचा ऑर्गन आपल्या झाडीतला वाटन, तिले पुरं नाटक."

पुरं नाटक म्हणजे पोस्टरवर 'संगीत' या शब्दापुढे नाव. माझे बाबा, सोमाजी, उभं आयुष्य या कंपन्यांमध्ये ऑर्गन वाजवत फिरले. पोस्टरवर त्यांचं नाव कायम सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, प्रकाशयोजनेच्याही खाली. मला त्या पोस्टरवर वर जायचं होतं. घरात एकाचं तरी नाव ठळक अक्षरात यावं, आणि ते माझं यावं, एवढंच मला पाहिजे होतं.

म्हणून मी ऑर्गन शोधत होते. खऱ्या वाद्याचा एकेक सूर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरच्या बटनांवर बसवला की झालं व्हर्च्युअल वाद्य. स्वस्तातलं घ्यायचं तर काही गोष्टी ठेच लागूनच कळतात. जाहिरातीतला आवाज ऐकून घेऊ नये. तिथे त्यावर इतका मुलामा चढवलेला असतो की पत्र्याचा डबाही गोड लागेल. आपल्याच गाण्यात टाकून ऐकावं. आपल्या लॅपटॉपला पेलेल का ते आधी पाहावं. आणि शंभर वाद्यांचा गठ्ठा घेण्यापेक्षा ज्याच्यावाचून अडतं ते एकच घ्यावं. हेही मीच दिव्यानीला शिकवलं होतं.

आणि स्वतः मात्र सगळीकडे तोंड भाजून घेतलं. फुकटचा एक ऑर्गन चर्चमधला निघाला. त्यावर फक्कड चाल वाजवली तरी कुणीतरी गेल्यासारखं वाटायचं. एका हार्मोनियमचा आवाज स्वच्छ, इतका स्वच्छ की दवाखान्यात बसल्यासारखं व्हायचं. एक बरा होता, पण ट्रायलवर. मधूनमधून 'टूं' करायचा, पैसे भरले नाहीत याची चारचौघांत आठवण द्यावी तसा. शेवटी चिडून सेलमध्ये भारतीय वाद्यांचा एक गठ्ठा घेतला. त्यातला तबला छान निघाला. ऑर्गन नावाला होता.

त्यात माझी खोली. भिंतीला धानाच्या भरलेल्या चुंगड्या, म्हणजे पोती, लावलेल्या असल्या की आवाज घुमत नाही. दिवाळीनंतर नवं धान घरात आलं की माझ्या खोलीसारखा स्टुडिओ नागपुरातही नसेल. पण दसऱ्यापर्यंत आम्ही निम्मा स्टुडिओ खाऊन टाकलेला असतो. माझं गाणं रिकाम्या विहिरीत गायल्यासारखं येत होतं. दिव्यानीच्या घरी शेती जास्त, चुंगड्या जास्त. तिथेही तीच वर.

न राहवून तिला फोन केला. "कुठून घेतला वं तो ऑर्गन?"

"घेतला नाई."

"मंग?"

"हाय असाच." ती हसली. "अजून पुरा नाई झाला. खालचे सूर बाकी हायेत. झाला का सांगीन ना तुले."

चोरीचा असणार, मी ठरवून टाकलं. कुणीतरी कुलूप तोडलेलं महागडं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर आणून दिलं असणार. असं ठरवल्यावर त्या दिवशी मला दोन घास बरे गेले.

दुपारी बाबा टोपी घालून निघाले. "विहारात जाऊन येतो, पेपर वाचाले," असं रोजचं. दारात थांबून म्हणाले, "गाणं झालं काय संघे?"

"तुम्हाले काय करा लागते?" मी म्हणाले. त्यांनी चपला घातल्या आणि गेले. त्यांच्याशी मी नेहमी अशी बोलत नाही. पण दिव्यानीवरचा राग कुणावर तरी काढायचा होता आणि बाबा दारातच होते.

माझं टेबल आहे त्या कोपऱ्यात आधी बाबांचा ऑर्गन असायचा, पायानं भाता मारायचा जुना लाकडी. मागच्या वर्षी मला ती जागा पाहिजे झाली, कारण लाइटच्या बटनांचा बोर्ड त्याच भिंतीला. ऑर्गनचा भाता फुसफुसायचा, एक पट्टी खटखट करायची. "बाबा, ते डबडं हलवता काय?" मी विचारलं होतं. त्यांनी ते एका माणसाला देऊन टाकलं. कोणाला, हे मी विचारलं नाही. मला स्वच्छ आवाज पाहिजे होता आणि स्वच्छ कोपरा. दोन्ही मिळाले.

नमुना पाठवायच्या आदल्या दुपारी माझा धीर सुटला. सायकल काढली आणि भात संशोधन केंद्राच्या रस्त्यानं थेट दिव्यानीच्या घरी गेले. तिला रंगेहाथ पकडायचं, ते चोरीचं सॉफ्टवेअर डोळ्यांनी पाहायचं आणि जमलं तर वारलूभाऊंच्या कानावर घालायचं, असा माझा विचार होता.

तिच्या दारात बाबांच्या चपला होत्या. डावीचा पट्टा मीच तारेनं बांधून दिला होता, ओळखू न यायला काय झालं.

आतून ऑर्गनचा आवाज आला. गाणं नव्हतं. नुसता एक सूर, लांब धरलेला. मग शांतता. मग तोच सूर हळू. मग तोच जोरात. मग बाबांचा आवाज, "हां, आता बाजूची काळी."

खिडकी उघडी होती. मी पाहिलं. धानाच्या चुंगड्यांच्या मधोमध बाबांचा ऑर्गन. स्टुलावर बाबा, बोट पट्टीवर. आणि खाली, ऑर्गनच्या पोटाशी, दिव्यानी फतकल मारून बसलेली. भात्याच्या फळ्या ती दोन्ही हातांनी दाबत होती.

ती माझी जागा होती.

मी लहान असताना उन्हाळ्यात नाटकं बंद असायची आणि बाबा घरी रियाज करायचे. हंगामभर भाता मारून त्यांचे गुडघे धरलेले असायचे. मग मी खाली बसून फळ्या हातानं दाबायचे आणि ते वर वाजवायचे. माझं डोकं त्यांच्या गुडघ्याला लागायचं. चाल आवडली की ते गुडघ्यानंच माझ्या डोक्याला हळूच ढुशी द्यायचे. आता तिथे दिव्यानीचं डोकं होतं, लांब केसांचं.

आवाजाचा हेवा मी महिनाभर करत होते, त्याची सवय झाली होती. हा हेवा वेगळाच होता. मला तिचे केस धरून तिला तिथून ओढावंसं वाटलं. खरंच वाटलं, उगाच सांगत नाही.

मी दार ढकललं. "बाबा, हा विहार काय?"

बाबा दचकले. दिव्यानी फळ्या सोडून उठायला लागली, पण बाबांनी हातानं तिला बसवलं, तेही मला दिसलं.

"तुले तं डबडं वाटे ना ते," बाबा म्हणाले. "हिच्या बापानं ठेवून घेतलं. मंग हिनं इचारलं, काका, रेकॉर्ड करू काय? मी म्हटलं, कर."

"आन् मले काऊन नाई सांगतलं?"

"तू इचारलंस कधी?"

मला जास्तच राग आला. दिव्यानी खाली मान घालून म्हणाली, "वरचे सारे सूर झाले. खालचे नाई निघून राह्यले. हवा तुटते. माह्याच्यानं भाता पुरत नाई."

"सरक," मी म्हणाले.

"काय?"

"सरक म्हटलं ना तिकडं."

ती सरकली. मी ओढणी कमरेला खोचली आणि माझ्या जागेवर बसले. फळ्या हाताला लागल्या आणि हातांना सगळं आठवलं. बाबांनी सगळ्यात खालची पट्टी दाबली. मी जोर लावला. सूर निघाला, जाड, अखंड, खोलीभर. माईक चालू होता, म्हणून कुणी काही बोललं नाही, आणि ते बरंच झालं. एकेक करून खालचे सगळे सूर आम्ही काढले. गुडघ्याची ढुशी आली नाही. मी वाट पाहत होते.

निघताना दिव्यानीनं पेनड्राइव्ह पुढे केला. "घे. तुह्या लॅपटॉपवर बी चालते, हलकाच हाय. फुकट." आत फाइलचं नाव 'सोमाजीकाका' होतं. बापाची फाइल करून मला दान देत होती. मी पेनड्राइव्ह घेतला आणि घरी येऊन खणात फेकला. वारलूभाऊंना गठ्ठ्यातल्या ऑर्गनवरचं माझं गाणं पाठवून दिलं. तिच्या हातचा ऑर्गन घेऊन मला ठळक अक्षरात यायचं नव्हतं.

आले नाहीच. दिवाळीच्या तोंडावर बाबा पोस्टर घेऊन घरी आले आणि भिंतीला लावायला खिळा शोधू लागले. वर 'संगीत – दिव्यानी'. खाली, प्रकाशयोजनेच्याही खाली, 'ऑर्गन – सोमाजी'. मंडपात ऑर्गनला हात न लावता नाटकभर त्यांचं नाव राहणार, याचंच त्यांना कौतुक. मी खिळा दिला. हातोडी दिली नाही, ती त्यांनी स्वतः शोधली.

मग एका सकाळी जीप आली. आमच्या गल्लीत वळली आणि भोंगा सुरू झाला. दिव्यानीचा गळा, दिव्यानीची चाल. मी दार लावायला उठले तेवढ्यात कडव्याच्या शेवटी तो खालचा सूर आला.

खाटेवर बसलेले बाबा म्हणाले, "हा तुहा भाता हाय."

"कायच्यावरून?"

"रागानं मारला हायेस. आयक. सुराच्या आधी हवेचा धक्का येते. वरचे सूर तिचे हायेत, ते कसे मऊ निघते." जीप वळेपर्यंत ते ऐकत राहिले. "पण खालच्याले असाच पायजे."

मी दाराशी उभी राहिले. जीप चौकात पोचली तरी ऐकत होते. मग आत आले, टेबलावरचा पसारा खाटेवर टाकला आणि टेबल भिंतीपासून ओढायला लागले.

"काय करून राह्यली?" बाबा.

"जागा."

हातगाडी मागून घेतली आणि दिव्यानीच्या दारात नेऊन उभी केली. "ऑर्गन न्यायला आली," मी म्हणाले. मला वाटलं ती गोड बोलेल, चहा विचारेल. तिनं दारातूनच सुरू केलं.

"ने. ने ना एकदाचा. काका रोज दुपारी येऊन बसे आन् रोज एकच. आमची संघी असा भाता मारे, आमच्या संघीची हवा तुटे नाई. भाता मारून मारून माहे हात सुजले, पण एक दिवस मले चांगलं म्हटलं नाई. आता गाणं माहं, पोस्टरवर नाव माहं, आन् लोक इचारते काय, तर तो खालचा सूर कसा काढला वं! मले तं वाटे तुह्या घरी येऊन तुले दोन ठेवून द्याव्या." तिचे डोळे भरून आले होते.

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. मला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी वाकले आणि ऑर्गनच्या एका बाजूला हात घातला.

"धर तिकून," मी तिला म्हणाले. "जड हाय."

तिनं नाक पुसलं आणि धरलं.