गुरुवारची सुट्टी

"कालपर्यंत लागत होता, मॅडम. आजच काय झालं कोण जाणे," एक्स-रे सेंटरचा मालक दारावरच्या लाल दिव्याकडे बघत म्हणाला.

हरितानं वर पाहिलं. दिव्याच्या काचेभोवती कोळ्याचं जाळं होतं आणि जाळ्यावर निदान वर्षभराची धूळ बसली होती. तिनं फॉर्मवर लिहिलं: आत किरण चालू असताना दारावरचा दिवा लागत नाही. पाच महिन्यांच्या नोकरीत हे वाक्य इतक्या वेळा लिहून झालं होतं, की हात आपोआप चालायचा.

"कॉफी तरी घ्या."

"पाणी आहे माझ्याकडे," ती म्हणाली आणि कागद मिटून बाहेर आली.

पापनाशमच्या उन्हात जीप तापली होती. मागच्या सीटवर राममूर्ती सर डोळे मिटून बसले होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलेला हा माणूस तीस वर्षं अशीच दारं उघडून बघत आला होता. चार निरीक्षक आणि सगळे दक्षिणेकडचे जिल्हे, असा चेन्नईच्या अणुसुरक्षा कार्यालयाचा हिशेब. त्यामुळे नवी मुलगी हाताखाली मिळाल्यावर त्यांनी तिला शिकवण्यापेक्षा आधी थोडी झोप काढली.

हरितानं तिरुचीला फिजिक्समध्ये एम. एस्सी. केलं, मग मुंबईला वर्षभराचं प्रशिक्षण. अणुसुरक्षा म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर समुद्रकाठचे मोठाले घुमट यायचे, हेल्मेट घातलेली गंभीर माणसं यायची. वाट्याला आली ती गल्लीबोळांतली एक्स-रे सेंटरं: दिवा लागतो का, दार लागतं का, शिशाचा एप्रन फाटला आहे का, काम करणाऱ्याच्या छातीवर बॅज आहे का. शेजारणींना मात्र अजून वाटायचं की ती बॉम्ब बनवते. अम्मा त्यांना घरच्या तंजावुरी मराठीत सांगायची, "बॉम्ब नव्हे गे, अवघ्यांचे दिवे लागतात का बघायला जाते आमची पोर."

जीप तंजावूरच्या रस्त्याला लागल्यावर सरांनी डोळे न उघडताच म्हटलं, "हरिता-मा, गुरुवारी तुला सुट्टी."

"का, सर?"

"मी कुठे जाणार ते सांगणार नाही. तू विचारू नकोस."

विचारायची गरजच नव्हती. नोकरीवर रुजू होताना एक फॉर्म भरायचा असतो: जवळचा नातेवाईक एक्स-रेचं यंत्र असलेल्या कुठल्या संस्थेत काम करतो का? तिनं लिहिलं होतं: वडील, राजगोपाल राव, एक्स-रे टेक्निशियन, आणि कीळवासलजवळच्या डॉक्टर वैद्यनाथांच्या सेंटरचं नाव. पत्ता आप्पांनीच फोनवर सांगितला होता, पिनकोडसकट. ते सेंटर तिच्या यादीतून त्याच दिवशी कापलं गेलं; तिथे सर तिच्याशिवायच जाणार. तपासणी अचानक व्हायची असते. कुठे, कधी, हे बाहेर गेलं तर सांगणाऱ्याची नोकरी जाते.

तंजावूरला सर लॉजवर उतरले, ती आई-वडिलांच्या घरी आली. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली आणि भांडं तोंडाशीच थांबलं. खिडकीजवळच्या खिळ्याला किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर आप्पांचा बॅज टांगलेला होता.

तो तिथे नेहमीच असायचा. लहानपणी तिला ते ऑफिसचं ओळखपत्र वाटायचं. आता तिला माहीत होतं. अंगावर किती किरण पडले ते मोजणारा तो बॅज; कामावर असताना छातीवर पाहिजे. तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि माणसाच्या नावापुढे एक आकडा येतो. आप्पांचा बॅज इतकी वर्षं सांबाराची वाफ मोजत होता.

मंगळवारी संध्याकाळी आप्पा गच्चीवर हवा घ्यायला बसले होते, तेव्हा तिनं विचारलं.

"आप्पा, बॅज घरीं कां ठेवता?"

"तेथे हरवतो गे. हरवला की दहा कागद भरा."

"आप्पा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. समोर कोण बसलंय ते त्यांना बहुधा तेव्हाच नीट दिसलं असावं. पंचा खांद्यावरून काढून त्यांनी मांडीवर घडी करून ठेवला.

"पूर्वीं लावत होतों," ते म्हणाले. "रोज. तू दोन वर्षांची होतीस तेव्हां. लेकरांच्या छातीचा फोटो काढायचा मणजे कोणी तरी धरलं पाहिजे, ती हलतात. त्यांच्या आया धरत. त्यांत एखादी पोटुशी असली तर? अवघ्यांसमोर विचारायचं कसं? मग मीच धरूं लागलों. दिवसाला पांच, सहा. एक दिवस चिठ्ठी आली, इंग्लिशमध्यें. ह्या माणसाचा आकडा जास्त आला, कारण कळवा."

"मग?"

"मग काय! मोठे डॉक्टर घाबरले, आतांच्यांचे वडील. मला तीन महिने बाहेर बसवलं, पेशंटांची नांवं पुकारायला. अवघ्या गल्लींत झालं, राजगोपालाच्या अंगांत किरण शिरले. तुझ्या आजीनं तुला उचलूं दिलं नाहीं मला. लेकराला लागतील म्हणे. तीन महिने. तू हात पुढे करायचीस, आणि मी आपला दारांत उभा."

"आप्पा, अंगात राहत नाहीत हो ते! मशीन थांबलं की संपलं. कोणापासून कोणाला लागत नाहीत."

"आतां तू सांगतीस," आप्पा हसले. "चिठ्ठींत ते लिहिलं नव्हतं."

गेल्या महिन्यात असल्या अकरा चिठ्ठ्या हरितानंच टाइप केल्या होत्या. मसुदा तयार असायचा. नाव आणि आकडा तेवढा बदलायचा.

"पुढचा बॅज आला तो घरीं आणला," आप्पा म्हणाले. "आकडा शून्य. डॉक्टर खुश, तुमचं ऑफिस खुश. आजीही खुश."

"आणि लेकरं?"

"लेकरं आतांही मीच धरतों. दुसरं कोण धरील?"

उद्यापासून लावा, एवढं एकच वाक्य तिला बोलायचं होतं. गुरुवारची गोष्ट तिला ठाऊक नसती तर ती त्यांच्याशी भांडली असती, रडली असती, स्वतःच्या हातानं बॅज त्यांच्या शर्टाला लावला असता. पण मंगळवारी असं सांगायचं म्हणजे ती नुसती मुलीची काळजी राहत नव्हती, तपासणीची खबर ठरत होती. आणि न सांगायचं म्हणजे, ज्या माणसाला आणखी अकरा महिने काम करून सन्मानानं घरी बसायचं होतं, त्याला आपल्या हातानं खड्ड्याकडे जाऊ द्यायचं. ती खाली जाऊन भांडी घासत बसली. अम्मा म्हणाली, "काय गे हे, कामवाली यायची आहे अजून!"

बुधवारी तिरुवैयारुला दोन दंतवैद्य आणि एक जुनं इस्पितळ झालं. परतताना दोन्ही बाजूंना भाताची हिरवी शेतं होती आणि तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"सर, उद्या..."

"उद्या तुझी सुट्टी."

"मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

राममूर्ती सरांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला. "मी तुला काही सांगितलं नाही. तूही मला सांगू नकोस. दोघांना सोपं जातं."

"सोपं नाही जात, सर."

"नाही जात," ते म्हणाले. "तीस वर्षांत एकदाही गेलं नाही." आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले. झोपले मात्र नव्हते.

गुरुवारी सकाळी हरिता घरच्या कपड्यांत, केस न विंचरता कॉफी पीत बसली होती. आपण घराबाहेर पडायला हवं होतं, देवळात, बसस्टँडवर, कुठेही, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"कां गे, आज जीप आली नाहीं?" अम्मानं विचारलं.

"सुट्टी आहे."

"गुरुवारीं कसली सुट्टी? सर कोठे गेले?"

"ते... त्यांचं काम आहे."

आप्पांचा कॉफीचा पेला अर्ध्यावर थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं पेल्यात पाहिलं. तंजावुरात तिला जाता येणार नाही असं एकच दार होतं आणि त्याचा पिनकोड आप्पांनी स्वतः सांगितला होता.

ते उठले. स्वयंपाकघरात किल्ल्या वाजल्या. बाहेर आले तेव्हा बॅज त्यांच्या तळहातावर होता. शर्टाच्या खिशापाशी हात नेऊन ते तसेच उभे राहिले.

"हरिता, तू मला काय सांगितलंस?"

"काही नाही, आप्पा."

"मंगळवारीं?"

"काही नाही सांगितलं."

"बरोबर," ते म्हणाले. "कांहीं नाहीं सांगितलंस." ते परत आत गेले. किल्ल्या पुन्हा वाजल्या. बाहेर आले तेव्हा हात मोकळे होते. "कोणी विचारलं तर असंच सांग. खरंच आहे तें."

"काय चाललंय तुम्हां दोघांचं?" अम्मा म्हणाली. "एक कोड्यांत बोलतो, एक तोंड लपवते."

"टाउन बस चुकेल," म्हणत आप्पांनी चपला घातल्या.

हरितानं त्यांना थांबवलं नाही. कोपऱ्यावर वळेपर्यंत ती बघत राहिली. पांढरा शर्ट, खिशाला एक पेन. बाकी काही नव्हतं.

दुपारी दोनला ते परत आले. एकतीस वर्षांत कामाच्या दिवशी ते उजेडात घरी आल्याचं अम्माला आठवत नव्हतं. तिनं आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाहीं गे," आप्पा म्हणाले. हात-पाय धुऊन ते हरितासमोर बसले. "विचारलं त्यांनीं. बॅज कोठे? म्हटलं, घरीं. कधींपासून? म्हटलं, बावीस वर्षं."

"खरं सांगितलंत?"

"आजच्यापुरतं विसरलों म्हटलं असतं तर सुटलों असतों. पण मग माझा आकडा शून्यच राहिला असता. जन्मभर काम केलं आणि शून्य?" त्यांनी गुडघा चोळला. "ते सर चांगले आहेत. पेन खिशांत ठेवलं, थोडा वेळ बसले, मग काढलं आणि लिहिलं. मला खुर्ची दिली बसायला."

"आणि डॉक्टर?"

"उद्यांपासून येऊं नका म्हणाले. एक निरोपसमारंभ वाचला त्यांचा." अम्मानं तोंडाला पदर लावला तसे ते घाईनं म्हणाले, "रडूं नको गे. भूक लागलीय." मग हळूच, हरितालाच ऐकू जाईल असं, "तुझ्यावर कांहीं येणार नाहीं नां?"

"नाही, आप्पा," ती म्हणाली. खरं तर तिला माहीत नव्हतं.

काही आलं नाही. चेन्नईला परतल्यावर राममूर्ती सर त्या दिवसाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. आप्पांच्या फाइलला तिला हात लावायचा नव्हता, तिनं लावला नाही. पण चिठ्ठीचा जो कायमचा मसुदा होता, त्याच्याखाली तिनं तमिळमध्ये दोन ओळी घातल्या: हे किरण अंगात साठत नाहीत. तुमच्यापासून घरच्यांना धोका नाही, लहान मुलांना जवळ घ्यायला हरकत नाही. सरांनी मसुदा दोनदा वाचला, लाल पेन उचललं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि सही केली.

आप्पांच्या नावाची चिठ्ठी घरी पोचल्यावर त्यांचा फोन आला. "वाचली. खालच्या ओळी चांगल्या आहेत. वाचायला तुझी आजी नाहीं, एवढंच."

चिठ्ठीत वैद्यकीय तपासणी सांगितली होती. शनिवारी हरिता तंजावूरला आली आणि त्यांना घेऊन इस्पितळात गेली. रक्त झालं, डोळे झाले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात होती. वयामुळे की कामामुळे, ते सांगता येणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जुन्या छापील फॉर्मवर शेवटी छातीचा एक्स-रेही होता.

"हा कशाला?" हरिता तिथल्या बाईंशी वाद घालायला लागली. "याची काही गरज नाही."

"असूं दे गे," आप्पा म्हणाले. "एवढा एक तरी माझ्या नांवावर लिहितील."

टेक्निशियन नवी मुलगी होती, हरिताहूनही लहान. तिच्या छातीवर बॅज होता. तिनं हरिताला शिशाच्या काचेमागे उभं केलं आणि माइकपाशी वाकून कसं उभं राहायचं ते सांगू लागली. पण आप्पा आधीच उभे होते. हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे, छाती प्लेटला चिकटवलेली. शर्टाशिवाय त्यांची पाठ बारीक दिसत होती.

"श्वास घ्या," मुलगी म्हणाली. "धरा."

बटण दाबलं गेलं. काम झालं. फोटो कसा आलाय ते बघायला मुलगी कॉम्प्युटरकडे वळली, आणि श्वास सोडा म्हणायचं विसरली.

काचेपलीकडे आप्पा तसेच उभे होते. खांदे वर, फासळ्या ताणलेल्या, तसूभरही न हलता.