फ्रीजमधली काडी

मंगळवारी दुपारी ट्रेव्हर इस्पितळातून घरी आला तेव्हा मागच्या बागेतला दिवा अजून जळतच होता. भर उन्हात. पहाटे त्याची बायको एव्हरिल गाऊनवरच तो बंद करायला बाहेर पडली होती आणि दिव्यापर्यंत पोचायच्या आत गवतावर कोसळली होती. अकराच्या सुमाराला एका तरुण डॉक्टरने ट्रेव्हरला बाजूच्या खोलीत नेलं आणि आधी खुर्ची पुढे केली. खुर्ची पुढे आली तेव्हाच तो समजला, एव्हरिल गेली.

मग डॉक्टरने विचारलं, "गेल्या काही दिवसांत त्यांचा गोंधळ उडत होता का? वस्तू भलत्या जागी ठेवणं, नावं चुकणं, असं काही?"

"छे," ट्रेव्हर म्हणाला. "तिचं डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर होतं."

असं तो ठामपणे म्हणाला खरा, पण शेजारच्या डोरीनच्या गाडीतून घरी येताना त्याला वाटायला लागलं की आपण नीट पाहिलं तरी होतं का.

दिवा बंद करून तो स्वयंपाकघरात आला. डोरीनने किटली ठेवली होती. दूध काढायला त्याने फ्रीज उघडला तर लोण्यामागे झाकणाची छोटी पारदर्शक डबी. त्यात नवल काही नव्हतं. रात्री उजेडाला भुलून दिव्याखालच्या पेटीत आलेले पतंग, ते पंखवाले किडे, एव्हरिल रोज सकाळी बघायची आणि सोडून द्यायची. एखादा कुणाला दाखवायचा असला तर तेवढा डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवायची. गारव्यात ते झोपून राहतात, त्यांना काही होत नाही. ट्रेव्हरला लोण्याच्या शेजारी किडे ठेवलेले आवडत नसत, पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस लोण्यावरून भांडत नाही.

पण या डबीत पतंग नव्हता. काडी होती. बर्चच्या झाडाची, करड्या सालीची, बोटाच्या पेराएवढी, एका टोकाला मोडून आतलं फिकट लाकूड दिसणारी. त्याने ती तळहातावर घेतली, हलवून पाहिली. काडीच ती. शेगडी पेटवायला तो माळावरून असल्याच काड्या आणून टोपलीत भरून ठेवायचा.

फ्रीजमध्ये काडी. वस्तू भलत्या जागी ठेवणं.

डोरीनची पाठ होती तेवढ्यात त्याने काडी शेगडीशेजारच्या टोपलीत टाकली, डबी विसळली आणि पालथी घातली. एव्हरिलबद्दल कुणी काही बोललेलं त्याला चाललं नसतं, आणि डोरीनच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

"त्या पेटीचं काय करायचं?" डोरीनने खिडकीतून बाहेर बघत विचारलं. "आत असतील ना ते तिचे?"

"असतील."

"माझ्याकडे बघू नकोस हां. मी केक देईन, कपडे धुऊन देईन. किड्यांना हात लावणार नाही."

ऊन उतरल्यावर ट्रेव्हर एकटाच पेटीपाशी गेला. एरवी त्याला तिथे मज्जाव होता. "तुझे हात बसचे नट पिळायला ठीक आहेत," असं ती म्हणायची, आणि डेपोत मेकॅनिक म्हणून जन्म काढलेल्या माणसाला त्यावर काय बोलता येणार. त्याने पेटीच्या तोंडावरचं नरसाळं काढलं. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले होते आणि त्यांच्या खळग्या-खळग्यांत पतंग बसलेले. पहिला ट्रे त्याने तिथेच पायरीजवळ झटकला. रॉबिन पक्षी कुंपणावर टपलेलाच होता. एक उचलून गेला, परत आला, दुसरा घेऊन गेला. तेव्हा त्याला तिचा नियम आठवला. पतंग कुंपणाच्या झुडपांत खोल सोडायचे आणि जागा रोज बदलायची, नाहीतर पाखराला आयती पंगत मिळते.

बाकीचे ट्रे त्याने गुडघ्यांवर बसून काटेरी कुंपणाखाली रिकामे केले. एक गुलाबी आणि शेवाळी रंगाचा मोठा पतंग त्याच्या अंगठ्यावर चढला आणि पंख थरथरवत बसला. गार इंजिन तापायला वेळ घेतं तसा. मग तापला आणि गेला. ट्रेव्हरला वाटलं, हे दाखवायला ती रोज हाक मारायची आणि आपण म्हणायचो, आलोच. गेलो किती वेळा, ते त्याला आठवेना.

शेवटच्या ट्रेमध्ये एक काडी पडली होती. बर्चची, टोकाला फिकट. ही पेटीत कशी आली म्हणून त्याने ती चिमटीत धरली, तर काडीने त्याचं बोट सहा पायांनी घट्ट पकडलं.

तो तसाच बसून राहिला. हुबेहूब काडीसारखा दिसणारा एक पतंग असतो, ही गोष्ट त्याला ठाऊक होती. दर वर्षी जुलैत एकदा एव्हरिल न्याहारीच्या वेळी टेबलावर मूठभर काड्या पसरायची आणि विचारायची, "सांग, यातल्या कुठल्या काडीला पाय आहेत?" दर वर्षी तो चुकायचा. या वर्षीची परीक्षा अजून झाली नव्हती. एवढं माहीत असून त्या दुपारी त्याला काही म्हणता काही सुचलं नव्हतं. डोक्यात तेव्हा फक्त डॉक्टरचा प्रश्न होता.

तो आत धावला. टोपली काड्यांनी गच्च भरलेली होती. सगळ्या बर्चच्या.

शुक्रवारी व्हेरिटी आली. ती जिल्ह्यातल्या पतंगांची नोंद ठेवायची. एव्हरिलपेक्षा वयाने पुष्कळ लहान, पण दोघींचं मेतकूट होतं. तिने मांसाचं सारण भरलेली पेस्ट्री आणली होती. ती ठेवायला फ्रीज उघडून तिने आत पाहिलं आणि जरा थांबली.

"ट्रेव्हर, इथे एक डबी असेल ना? सोमवारी त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, फ्रीजमध्ये काहीतरी ठेवलंय, येऊन बघ, सांगितलं तर हसशील."

ट्रेव्हरने सगळं सांगितलं. डोरीन तिथेच होती, पण आता लपवून काय उपयोग.

"थांबा," व्हेरिटी म्हणाली. "तो काडीसारखा पतंग तर कुणाच्याही बागेत येतो. तो दाखवायला त्या मला का बोलावतील?"

"म्हणजे काडीच होती?"

"तसं नाही म्हणत मी. दुसरं काही असेल. किंवा तो तुमच्यासाठी असेल आणि माझ्यासाठी वेगळं काही. डब्या दोन होत्या का?"

"एकच. मला एकच दिसली." मग त्याने विचारलं, "फोनवर ती नीट बोलत होती ना?"

व्हेरिटीने फ्रीजचं दार लावलं. "फोन ठेवताना मला शीला म्हणाल्या."

"शीला तिची बहीण."

"मला आमच्या घरी कुत्र्याच्या नावानेही हाक मारतात हो. त्यावरून काही ठरत नाही."

त्यांनी फरशीवर वर्तमानपत्र पसरलं, टोपली हळूच आडवी केली आणि तिघं गुडघ्यांवर बसले. एकेक काडी उचलायची, उजेडात धरायची, बाजूला ठेवायची.

"आमच्या चर्चमध्येही इतका वेळ गुडघ्यांवर बसत नाही मी," डोरीन म्हणाली. "हिला बघा, हिला पाय दिसतात."

"ती माझी बोटं आहेत, डोरीन," ट्रेव्हर म्हणाला.

"मग बाजूला घे की."

टोकाला फिकट असलेल्या काड्या पुष्कळ निघाल्या. व्हेरिटीने प्रत्येकीवर हलकी फुंकर घातली. एकही हलली नाही. टोपलीच्या तळाशी सालीचा भुगा होता, तोही तिने चष्मा काढून डोळ्यांशी नेऊन पाहिला.

"मेला असता तर इथेच सापडला असता," ती म्हणाली. "ऊब लागल्यावर उडून गेला असेल. ही खिडकी उघडी होती का?"

"मी लावली ना," डोरीन म्हणाली.

"कधी?"

"मंगळवारी, चहा झाल्यावर. नाही... तेव्हा नाही, तेव्हा मी कपबश्या धूत होते. बुधवारी सकाळी असेल. का रे ट्रेव्हर, मी बुधवारी आले होते ना?"

ट्रेव्हरला आठवत नव्हतं. त्या दिवसांतलं त्याला काहीच धड आठवत नव्हतं.

"उडून गेला असेल, नाहीतर मुळात नसेलच," तो म्हणाला. "काडी असेल तर ती आधीपासून आजारी होती आणि एका घरात राहून मला पत्ता लागला नाही. पतंग असेल तर ती धडधाकट होती आणि तिने हौसेने ठेवलेला जीव मी सरपणात फेकला. यातलं कुठलं बरं, तेवढं सांग मला."

व्हेरिटी काड्या परत टोपलीत भरायला लागली, ज्या काळजीने बाहेर काढल्या होत्या त्याच काळजीने.

"चहा टाकते," डोरीन म्हणाली.

पुढे व्हेरिटीने त्याला दिवा लावायला शिकवलं. आठवड्यातून एकदा तो लावतो, सकाळी ट्रे काढतो आणि कुंपणाखाली जागा बदलून पतंग सोडतो. नावं त्याला येत नाहीत. तसे काडीसारखे दिसणारे त्याला आणखी दोन सापडले, दोन्ही वेळा आधी त्याला काडीच वाटली.

ऑक्टोबर लागला, माळावरून गार वारा यायला लागला. डोरीन कोट न काढताच टेबलाशी बसली. "अरे, शेगडी का पेटवत नाहीस? हा विजेचा हीटर नुसता माझ्या घोट्यांना भाजतोय."

"पेटवीन."

"त्या काड्या नको असतील तर माझ्याकडच्या घेऊन जा."

"बघू," तो म्हणाला आणि तिच्या कपात चहा ओतला.

टोपली शेगडीशेजारीच आहे. तिच्यातली एकही काडी त्याने अजून जाळलेली नाही.