अठरा कप

१९६० सालातली एप्रिलची सकाळ. डहाणूजवळच्या आगर गावात ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसून गोविंदराव संध्याकाळच्या भाषणाची तालीम करत होते आणि आत पोहे परतणाऱ्या त्यांच्या पत्नी, कुसुमबाई, दातओठ खात होत्या. वाचनालयात विषय होता अमेरिकेतले निग्रो. गुलामाच्या पोटी जन्मून भुईमुगाचा शास्त्रज्ञ झालेल्या कार्व्हरवर गोविंदरावांचा भारी जीव; बागायतदारच ते.

"गोऱ्यांच्या उपाहारगृहात चार काळे विद्यार्थी बसले. कॉफी मागितली, मिळाली नाही. तरी ते उठले नाहीत." शेवटचं वाक्य गोविंदरावांनी हात उंचावून पुन्हा म्हणून पाहिलं.

अंगणात शुक्री चिकू निवडत होती. झरीहून आलेली ही वारली बाई बारा वर्षं या वाडीत राबत होती, आणि बारा वर्षं तिचा चहा करवंटीत, वरून ओतलेला. मागच्या महिन्यात कुसुमबाईंनी तिला कपात चहा दिला, तर गोविंदरावांनी तो कप दगडावर फोडला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कुसुमबाईंना राग स्वतःचाही होता. तेव्हा त्या मुकाट्याने तुकडे वेचत बसल्या होत्या.

"शेठ, मंग त्या पोरांनी काय केलां?" शुक्रीने विचारलं.

"काय करणार? रोज जाऊन बसत राहिले."

शुक्रीने हातातला चिकू टोपलीत ठेवला आणि ती ओट्यावर येऊन बसली. "माना पण कपात चाय दे. नाय तं मी नाय उठायची."

"डोकं फिरलं का तुझं? माल आज स्टेशनवर जायचाय. अगं, हिला करवंटीत चहा दे आणि कामाला लाव."

"करवंटीत मी ओतणार नाही," दारातून कुसुमबाई म्हणाल्या.

टोपल्या उन्हात तापत राहिल्या. शुक्री हलली नाही. चार वाजता गोविंदराव भाषणाचे कागद घेऊन मागल्या दाराने निघून गेले. टाळ्या पुष्कळ पडल्या म्हणे.

परतले तेव्हा शुक्री टोपल्या भरत होती.

"चहा दिलास हिला?"

"दिला. कपात."

"कुठल्या?"

कुसुमबाईंनी फळीकडे बोट दाखवलं. एकसारखे अठरा कप, घासून पालथे घातलेले. "त्यातल्याच एकात. हवं तर सगळे फोडा."

गोविंदरावांनी एकही फोडला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते लग्नातल्या चांदीच्या पेल्यात चहा घेऊ लागले आणि तो पेला खिडकीत निराळा ठेवायची ताकीद त्यांनी दिली. शुक्री ओट्यावर बसून कपात चहा पिऊ लागली. त्या घरात आता वेगळं भांडं एकाच माणसाचं उरलं.